फळीवरचे दोन आकडे

निलगिरीच्या लाकडाला निलगिरीचा वास येत नाही. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता कुणी फळी उचलून नाकाशी नेली की मी नुसती बघत राहते. वास पानांत असतो. लाकूड आपलं लाकडासारखंच, थोडं गुलाबीसर, जड आणि स्वभावानं आडमुठं. आमच्या कारखान्यात ते पहिल्यांदा आलं तेव्हा पॉलिश करणाऱ्या बायकांनी मला विचारलं होतं, "याच्या पलंगावर झोपलं तं सर्दी जाते का वं?" मी म्हटलं, "सर्दी नाही जात. झोप जाते."

मी तपासणीवाली. उमरेड रोडवरच्या एका फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारलेल्या लाकडावरून बोटं फिरवायची आणि ते चांगलं की वाईट हे सांगायचं, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटं लागतात आणि थोडं फटकळ तोंड लागतं, कारण वाईटाला वाईट म्हटलेलं कारागिराला आवडत नाही. माझ्याकडे दोन्ही होतं.

सांगते आहे तो बारा वर्षांपूर्वीचा हिवाळा. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. नागपूरच्या महाल भागात आईबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. स्थळं यायची थांबली होती आणि त्याबद्दल बोलणंही थांबलं होतं, त्यामुळे घरात शांतता होती. सकाळी स्कूटीवरून कारखान्यात जायचं, संध्याकाळी केसांत भुसा घेऊन परत यायचं. मला वाटायचं, हे असंच बरं आहे.

नागपूरकराला लाकूड म्हणजे सागवान. निलगिरी म्हणजे स्लॅबखाली उभी करायची बल्ली. तिचं फर्निचर होतं असं कुणी म्हटलं तर लोक आधी त्याला पाणी देतील. पण आमच्या मालकांच्या डोक्यात ते बसलं होतं. चांगलं सागवान मिळेनासं झालं होतं, आणि लोकांनी बांधावर, पडीक तुकड्यांवर लावलेली निलगिरी कापणीला आली होती. खुर्चीचे पाय, कपाटाची दारं, खिडकीच्या चौकटी या लागवडीच्या लाकडातून निघतील का, ते त्यांना पाहायचं होतं.

पहिलं खोड आरा मशीनवर चढलं ते उन्हाळ्यात. पातं अर्ध्यावर पोचायच्या आत खोड स्वतःहून फटकन चिरलं. झाडाच्या पोटात ताण असतो, तो मोकळा झाला की फळी वाकते, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की सागवानाची अक्कल इथे चालणार नाही. सागवानाच्या फळ्या आम्ही उन्हात टाकून विसरून जायचो. तसंच निलगिरीचं केलं, तर पंधरा दिवसांत टोकं अशी फाटली की त्यांत बोट जावं. मग शेडच्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून चळती रचल्या. टोकांना ओली पोती बांधली, वर जुन्या मशीनचं लोखंड ठेवलं. बायका म्हणाल्या, "आता कूलर तेवढा लावाचा राहिला." मालकांनी तोही लावला. मे महिन्यात आम्ही घामानं भिजत होतो आणि लाकूड कूलरसमोर पडून होतं.

फळ्या वाळल्या तोवर दसरा होऊन गेला होता. त्यांना रंधा मारायला मालकांनी एक माणूस आणला. तो उमरेडचा होता, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. वडील विणकर होते, ते गेलेले. घरी फक्त आई. तो रोज एसटीनं यायचा आणि आमच्या फाटकासमोर उतरायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही मला विचारलं नाही.

रंधा मशीनवर दोन माणसं लागतात. एक फळी आत सारतो, दुसरा पलीकडून ती धरून घेतो. तो सारायचा, मी धरायचे. मध्ये मशीन, आणि त्याचा असा आवाज की ओरडलं तरी ऐकू जात नाही. तीन महिने आम्ही रोज सात-आठ तास एकमेकांसमोर उभे होतो आणि बोललो ते सगळं हातांनी. तळहात खाली केला की सावकाश. दोन बोटं वर केली की चहा. जरा थांबायचं असलं की तो मान एका बाजूला कलती करायचा, आणि ती कलती मान बघायला मी कधी कधी उगाचच फळी अडकल्यासारखं करायचे.

पहिल्या दिवशी मी पाहिलं, प्रत्येक फळी मशीनमध्ये घालायच्या आधी तो तिची कड डोळ्यांसमोर धरतो, मग टोक फिरवतो, कधी पुन्हा फिरवतो. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "येवढं काय पाहून राहिले तुम्ही?"

"माहे बाबा मागावर बसत," तो म्हणाला. "धागा कोणीकडं तणला आहे ते पाह्यल्याबिगर हात नव्हते लावत. या लाकडाचे धागे एका थरात इकडं जाते, दुसऱ्यात तिकडं. मशीनले ते मायीत नाही. आपल्याले पायजे."

खरंच तसं होतं. निलगिरीत रेषा थराथरानं उलट्यासुलट्या झुकतात, म्हणून पातं एका जागी गुळगुळीत कापतं आणि चार बोटं पुढे लाकूड ओरबाडून काढतं. त्यानं हळूहळू यावर उपाय शोधला. पात्याला धार लावून झाली की पुढच्या अंगानंही तो ते दगडावर हलकंसं घासायचा. त्यामुळे पातं लाकूड उपटायचं नाही, खरवडत जायचं. फळी अगदी सावकाश सोडायची आणि पाती दिवसातून दोनदा उतरवायची. मालकांना तेवढा धीर नव्हता, पण फळ्या सुधारत गेल्या हे त्यांना दिसत होतं.

आकडे टाकायची रीत मालकांची. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे जळण. फळी बाहेर आली की मी ती तपासायचे आणि तिच्या खालच्या अंगावर खडूनं आकडा लिहायचे. जेवणानंतर तोच गठ्ठा तो तपासायचा आणि आकडा वरच्या अंगावर टाकायचा. एकाचा दुसऱ्याला दिसायचा नाही. संध्याकाळी मालक यायचे, फळ्या उलटायचे आणि दोन्ही आकडे पडताळून बघायचे. संक्रांतीपर्यंत निम्म्याहून जास्त फळ्या एक आणि दोनमध्ये बसल्या, तर निलगिरीचा वेगळा विभाग उघडायचा आणि या माणसाला रोजीवरून पक्कं करायचं, असं ठरलं होतं. नाही बसल्या, तर लाकूड बल्ल्यांना जाणार आणि हा उमरेडला. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

माझी तपासायची पद्धत बायकी होती, असं मालक म्हणायचे. बोटं फिरवून झाली की मी ओढणीचा पदर फळीवरून ओढायचे. लाकडाला लव राहिली असेल तर धागा अडकतो, डोळ्याला दिसो न दिसो. तो नखांच्या पाठीनं तपासायचा. पद्धती वेगळ्या, पण पहिल्या आठवड्यातच आमचे बरेचसे आकडे जुळले आणि महिन्याभरानंतर सगळेच जुळायला लागले. मालक फळी उलटायचे: वर तीन, खाली तीन. वर दोन, खाली दोन. ते म्हणायचे, "तुम्ही दोघं एकमेकाले विचारून तं नाही लिहून राहिले?" तो हसायचा. मी फळ्यांवरचा भुसा झटकायला लागायचे.

मला तो आवडला होता. एवढं साधं वाक्य लिहायला बारा वर्षं लागली, तेव्हा लिहूनच टाकते. सुट्टीत तो संत्रं सोलायचा, निम्मं माझ्याजवळ फळीच्या टोकावर ठेवायचा आणि दुसरीकडे बघत उरलेलं खायचा. रविवार मला लांब वाटायला लागला होता. आई विचारायची, "काहून वं, सुट्टी असून तोंड उतरलं तुह्यं?" मी म्हणायचे, पाठ दुखते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी शेवटचा गठ्ठा आला. तोवर पारडं अगदी मधोमध होतं. हा गठ्ठा चांगला निघाला तर विभाग उघडणार, नाही तर नाही. लाकूड कोवळ्या झाडांचं होतं, ते मला हात लावताच कळलं. त्यालाही कळलं असणार, कारण त्या सकाळी तो प्रत्येक फळी तीन-तीनदा फिरवून बघत होता. त्यानं पाती नवी लावली, फळी इतकी सावकाश सोडली की मशीन जागच्या जागी गुरगुरत होतं. तरी पहिली फळी बाहेर आली ती लव घेऊनच. मी ओढणी फिरवली आणि ती अडकली. चार नंबर. शंकाच नव्हती.

खडू हातात होता. मी फळी उलटली आणि दोन लिहिलं.

पुढच्या फळीवरही दोन, तिच्या पुढच्या फळीवर एक. मी असा विचार केला होता की नोकरी त्याची आहे, घरी म्हातारी आई आहे, तेव्हा तो स्वतःसाठी तरी आज आकडा थोडा सैल सोडेल. आजवर सगळे जुळले, आजही जुळतील. ही माझी चूक. आमचे आकडे तीन महिने जुळले ते दोघंही लाकडाशी खरे होतो म्हणून. मी समजत होते, आमचं दोघांचं मन एक आहे म्हणून.

संध्याकाळी मालक आले. पॉलिशच्या बायका काम आटोपून हात पुसत उभ्या होत्या, कारण आज निकाल होता. मालकांनी पहिली फळी उलटली. वर चार, खाली दोन. दुसरी उलटली. वर चार, खाली दोन. तिसरीवर पाच आणि एक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फळीवरून स्वतःचा तळहात फिरवला.

"बाई, हे का होय?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "थंडीनं बोटं बधिर झाली होती." नागपूरची थंडी त्या आठवड्यात होतीच तशी, पण इतकी वर्षं ती माझ्या बोटांना कधी नडली नव्हती, हे मालकांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. आता ते पुढचं विचारणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात तो पुढे आला.

"मालक, बाईनं पाह्यल्या तवा फळ्या चांगल्याच होत्या," तो म्हणाला. "त्याईनं आकडे टाकल्यावर मी एकट्यानंच त्या परत मशीनीत घातल्या. अजून साफ होईन म्हणून. टोक उलटं गेलं. चूक माही आहे."

"काहून गा? कोणी सांगतलं होतं तुले?"

"कोणीच नाही."

तो जमिनीकडे बघून बोलत होता. ज्या माणसानं स्वतःच्या भाकरीसाठी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तो माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: त्यानं काही केलेलं नाही, मी खोटं लिहिलं. पण त्याच्या मागोमाग मालक विचारणार होते, काहून लिहिलं? आणि त्याचं उत्तर त्या शेडमध्ये, चार बायकांसमोर, छत्तिसाव्या वर्षी मला देता आलं नसतं. साऱ्या कारखान्याला ज्या तोंडाची धास्ती होती ते तोंड मी मिटून घेतलं. मालक त्याला म्हणाले, "चांगलं लाकूड नासवलं तू. उद्यापासून येऊ नको." त्यानं मान हलवली, डबा उचलला आणि फाटकाबाहेर गेला. मी मागच्या नळावर जाऊन हात धूत बसले, खडू केव्हाच गेला होता तरी.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, निलगिरी पास झाली. लाकूड चांगलं, माणूस हलगर्जी, असा मालकांनी हिशेब लावला. विभाग उघडला आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. नंतर आम्ही कोवळी झाडं घेणं बंद केलं, जुनी, जाड घ्यायला लागलो, वाळवायला पूर्ण वर्ष द्यायला लागलो, आणि पाती त्यानं घासली तशीच घासतो. आज आमच्याकडे निलगिरीच्या खुर्च्यांचे पाय खरादावर गोल कातून काचेसारखे उतरतात. स्क्रूसाठी आधी भोक पाडावं लागतं, नाही तर टोक फाटतं. एवढं सांभाळलं की दारं, कपाटं, खुर्च्या सगळं होतं. मी ज्यासाठी खोटं लिहिलं ते सगळं झालं, तो तेवढा राहिला नाही.

दर वेळी कुणी कारखाना बघायला आलं की मालक ती गोष्ट सांगायचे. एक रोजीवाला होता, त्यानं चांगल्या फळ्या नासवल्या, पण आमच्या बाईंच्या बोटांनी लाकूड ओळखलं. मी शेजारी उभी राहून हसायचे. बारा वर्षं हसले. त्यात आई गेली, महालातली जागा सोडली, हुडकेश्वरला छोटा फ्लॅट घेतला. कारखान्याच्या फाटकासमोर उमरेडची बस थांबली की आत असले तरी माझी मान वळते. कोण उतरलं ते बघून होईपर्यंत समोरच्याला वाट बघावी लागते. नवीन लोकांना वाटतं, बाईंना ऐकू कमी येतं.

या वर्षी दिवाळीनंतर मालकांनी कारभार मुलीच्या हाती दिला. तिलाही त्यांनी तीच गोष्ट ऐकवली. ती गेल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं की त्या फळ्या मुळातच खराब होत्या. आकडे मी खोटे टाकले होते.

मालक आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी विचारलं, "काहून पण?"

"तो राहावा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग टेबलावरच्या कागदांकडे. "मंग हे मले काहून सांगून राहिल्या, बाई?" ते म्हणाले. "त्याले सांगा."

रविवारी मी उमरेडच्या बसमध्ये बसले. रस्ताभर एकच वाक्य घोकत होते: मी माझ्या मनानं आले आहे, तुम्हाला भेटायला. शाळेत कविता पाठ केल्यासारखं पुन्हा पुन्हा. स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारलं, तर त्यानं बोटानं गल्ली दाखवली आणि न विचारता पुढचंही सांगितलं, "म्हातारी गेली त्याची. एकटाच राह्यते."

त्याचं खरादाचं छोटं दुकान होतं. खाटेचे पाय, लाटणी, मागाचे काही भाग असं करत होता. केस पिकले होते. त्यानं मशीन बंद केलं, मला ओळखलं, आणि स्टुलावरचा भुसा गमछानं झटकून ते माझ्यापुढे सारलं. कसे आहात, बरं आहे, एवढं झाल्यावर मी म्हटलं, "मी मालकांना खरं सांगितलं. त्या फळ्यांचं."

"काहून सांगतलं? इतक्या सालानं?"

"सांगायला हवं होतं."

तो थोडा हसला. हातातला खाटेचा पाय फिरवत राहिला. मग म्हणाला, "तवा मले वाटलं होतं, तुम्ही बाहेर येसान. काही बोलसान. फाटकापाशी उभा होतो मी. दोन बसा सोडल्या."

मला हे माहीत नव्हतं. मी नळावर हात धूत होते तेव्हा तो तिथे उभा होता, पन्नास पावलांवर. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्यानं तो खाटेचा पाय खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आज मालकानं पाठवलं, का तुमच्या मनानं आल्या?"

याहून सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारू शकत नाही. उत्तर मला पाठ होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, पॉलिशच्या बायका नव्हत्या, मालक नव्हते, लाजण्यासारखं वयही उरलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मालकांनी पाठवलं. मशीनवर माणूस पाहिजे आहे."

त्यानं हळूच मान हलवली. "मंग त्याईले सांगा," तो म्हणाला, "माहं इथं बरं चालून राह्यलं."

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. बस लागलेलीच होती. मी खिडकीची जागा धरली. तो खाली उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. ड्रायव्हर यायचा होता. उतरायला दार उघडं होतं, वेळही भरपूर होता, आणि मला उतरायचं होतं, हे मी इथे अगदी स्पष्ट लिहून ठेवते. कंडक्टर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "कुठलं?"

मी म्हटलं, "नागपूर."